चाकांवरची काळी पूड : ब्रेकची धूळ कुठून येते, कशी काढावी आणि कशी रोखावी

या पाठात काय आहे

कोणत्याही मोटारीच्या पुढच्या चाकावरून बोट फिरवा. बोटाला काळपट तपकिरी पूड लागेल. बहुतेकांना ती रस्त्याची धूळ वाटते. रस्त्याची धूळ तिच्यात असतेच, पण तिचा काळा रंग आणि चिवटपणा येतो तो ब्रेकमधून. आजच्या पाठात आपण चार प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. ही पूड तयार कशी होते? ती चाकाला इतकी घट्ट का चिकटते? ती काढताना कोणते रसायन चालते आणि कोणते घातक ठरते? आणि ती कमी कशी करता येईल?

विषय साधा आहे, पण यात पहिल्या वर्षाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान एकत्र येते. मी लखनौत शिकवतो, म्हणून उदाहरणे इथली घेतली आहेत. तुमच्या गावाची नावे घालून तुम्ही हीच गणिते करू शकता.

१. धूळ तयार कशी होते

चालत्या गाडीकडे गतिज ऊर्जा असते. सूत्र तुम्हाला माहीत आहे : गतिज ऊर्जा = ½ × वस्तुमान × (वेग)².

समजा, माणसांसकट १,००० किलो वजनाची एक छोटी गाडी हजरतगंजच्या सिग्नलकडे ताशी ३६ किमी वेगाने येत आहे. हा वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. तिची गतिज ऊर्जा झाली ५० किलोज्यूल. हीच गाडी शहीद पथावर ताशी ७२ किमी वेगाने धावत असेल तर ऊर्जा २०० किलोज्यूल होते. वेग दुप्पट झाला, ऊर्जा चौपट झाली. गाडी थांबवायची म्हणजे ही सगळी ऊर्जा कुठेतरी द्यायला हवी. साध्या ब्रेकमध्ये तिची उष्णता होते.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी बिडाची एक चकती असते. तिला आपण डिस्क म्हणतो. ब्रेक दाबला की कॅलिपर दोन्ही बाजूंनी तिच्यावर पॅड दाबतो. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे ढोबळ मानाने ७० टक्के काम पुढचे ब्रेक करतात. २०० किलोज्यूलपैकी १४० किलोज्यूल पुढच्या दोन डिस्कमध्ये गेले, प्रत्येक डिस्क ५ किलोची आहे आणि बिडाची विशिष्ट उष्णता किलोला ०.४६ किलोज्यूल प्रति अंश आहे असे धरा. तापमानातली वाढ = १४० ÷ (१० × ०.४६), म्हणजे सुमारे ३० अंश. हे एकदाच थांबण्याचे गणित झाले. गर्दीत पुन्हा पुन्हा ब्रेक लागला तर डिस्कला थंड व्हायला वेळ मिळत नाही आणि तापमान चढत जाते.

ही वाढ संपूर्ण डिस्कची सरासरी आहे. पॅड आणि डिस्क प्रत्यक्षात मोजक्या उंचवट्यांवरच एकमेकांना टेकतात. तिथले क्षणिक तापमान सरासरीपेक्षा कितीतरी जास्त असते. त्या ठिकाणी पॅडमधले रेझिन करपते, तंतू तुटतात, डिस्कवरचे लोखंड खरवडले जाते आणि ते कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात. फिरणाऱ्या चाकाचा वारा ही पूड बाहेर फेकतो. काही पूड चाकावर बसते, काही रस्त्यावर पडते आणि काही हवेत तरंगत राहते.

ती किती असते? एक अंदाज करून पाहू. पुढच्या चाकांना मिळून चार पॅड असतात. प्रत्येकाचे घर्षण-क्षेत्र ४० चौरस सेंमी आहे, ४०,००० किमीमध्ये तो ८ मिमी झिजतो आणि त्याची घनता २.५ ग्रॅम प्रति घन सेंमी आहे असे माना. झिजलेले आकारमान चार पॅडचे मिळून १२८ घन सेंमी, म्हणजे वस्तुमान ३२० ग्रॅम. किलोमीटरमागे ८ मिलिग्रॅम झाले. यात डिस्कची झीज धरलेलीच नाही. आकडा छोटा दिसतो, तो लक्षात ठेवा. पाठाच्या शेवटी त्याची गरज पडेल.

२. या पुडीत काय असते

पॅड हा एकच पदार्थ नसून मिश्रण आहे. त्यात सर्वसाधारणपणे चार गट असतात.

- बंधक : सगळे घटक धरून ठेवणारे फिनॉलिक रेझिन.
- तंतू : पोलादाचे, ॲरामिडचे किंवा काचेचे, पॅडला बळकटी देण्यासाठी.
- भराव : बेरियम सल्फेटसारखे स्वस्त आणि स्थिर पदार्थ.
- घर्षण नियंत्रक : पकड वाढवणारे ॲल्युमिना आणि घर्षण सुरळीत ठेवणारे ग्रॅफाइट.

पॅडमध्ये पोलादाचे प्रमाण जास्त असेल तर त्याला सेमी-मेटॅलिक म्हणतात. सेंद्रिय पदार्थ आणि तंतू जास्त असतील तर तो ऑरगॅनिक, आणि सिरॅमिक तंतू व भराव वापरला असेल तर सिरॅमिक पॅड. पुडीचा काळा रंग ग्रॅफाइटचा, करपलेल्या रेझिनचा आणि लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा असतो. पाणी लागल्यावर येणारा तांबूसपणा गंजाचा असतो.

हे स्वतः पडताळून पाहा. एक चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि चाकावरच्या पुडीजवळ न्या. काळे कण पिशवीला चिकटतील. पिशवी उलटी केली की चुंबक स्वच्छ राहतो आणि कण पिशवीत जमतात. रस्त्यावरची माती मात्र जवळजवळ सगळी मागे राहते.

३. ती चिकटते का

अलॉय व्हील हे बहुधा ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांच्या मिश्रधातूचे असते. त्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. चाकावर बसलेल्या पुडीची तीन टप्प्यांत स्थिती बदलते.

पहिल्या टप्प्यात ती नुसती पडलेली असते आणि साबणाच्या पाण्याने निघते. दुसऱ्या टप्प्यात तिच्यात रस्त्यावरचे डांबर, ग्रीस आणि बारीक माती मिसळते. लखनौ गंगेच्या गाळाच्या मैदानात वसलेले आहे. इथली माती इतकी बारीक आहे की ती तेलकट थरात पिठासारखी कालवली जाते. तिसऱ्या टप्प्यात लोखंडाचे कण ओल लागून गंजतात. गंजताना त्यांचे आकारमान वाढते आणि ते क्लिअर कोटच्या बारीक खाचांमध्ये रुतून बसतात. डिसेंबर-जानेवारीत लखनौत दिवसचे दिवस धुके असते, चाके सकाळी उशिरापर्यंत ओली राहतात आणि हा तिसरा टप्पा लवकर येतो.

क्लिअर कोट शाबूत असेल तोवर नुकसान दिसण्यापुरतेच असते. तो फुटला, तर ओल, लोखंड आणि ॲल्युमिनियम एकत्र येतात. या जोडीत ॲल्युमिनियम अधिक क्रियाशील आहे, त्यामुळे झिजते ते चाक. कोटखाली पांढऱ्या दोऱ्यांसारख्या रेषा पसरताना दिसल्या तर हीच क्रिया सुरू झाली आहे असे समजा.

४. धुण्याआधी चाके वाचा

पूड पुसण्यापूर्वी एक मिनिट चारही चाके पाहा. धुऊन टाकल्यावर ही माहिती नाहीशी होते.

- पुढची चाके मागच्यांपेक्षा काळी असणे स्वाभाविक आहे. शिवाय अनेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची पूड ड्रमच्या आतच राहते.
- पुढच्या दोनपैकी एकच चाक फार काळे झाले असेल, तर त्या बाजूचा कॅलिपर अडकून पॅड सतत घासत असण्याची शक्यता आहे.
- एक पुढचे चाक एकाएकी स्वच्छ राहू लागले, तर आनंदून जाऊ नका. त्या बाजूचा ब्रेक काम करत नसेल.
- चाकाच्या आतल्या बाजूला ओले, तेलकट ओघळ दिसले तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळत असू शकते. अशी गाडी धुवायला नव्हे, मेकॅनिककडे न्या.
- रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर आलेला नारिंगी थर साधा गंज असतो. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो निघून जातो.

५. धुण्याची पद्धत

(१) चाक थंड होऊ द्या. गाडी सावलीत उभी करा. मे महिन्यात लखनौच्या उन्हात उभ्या गाडीचे चाक हात लावता येणार नाही इतके तापते. गरम चाकावर साबण किंवा रसायन वाळून डाग पडतात.

(२) कोरडी पूड फुंकू नका, झटकू नका आणि हवेच्या नळीने उडवू नका. हे कण श्वासात जाण्याइतके बारीक असतात आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते. आधी मंद धारेने भिजवा.

(३) गाडीच्या बाकी भागाआधी चाके धुवा. म्हणजे चाकांची घाण धुतलेल्या रंगावर उडणार नाही.

(४) दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शाम्पू बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, दुसरीत साधे पाणी. मऊ ब्रश किंवा फडके दर वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शाम्पूत बुडवा. पुडीतले लोखंड आणि ॲल्युमिना हे घासकागदाचेच कण आहेत. ते फडक्यात राहिले तर तुम्ही चाक धूत नाही, खरवडता. चाकांचे फडके बाकी गाडीला कधीही वापरू नका.

शाम्पू काय करतो? त्यातल्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढले जाते. हे रेणू तेलकट थराला वेढून त्याचे बारीक थेंब करतात आणि त्यात अडकलेली पूड पाण्याबरोबर सुटते. गंजून रुतलेल्या कणांवर मात्र साबणाचा उपाय चालत नाही, कारण तिथे तेल नसून लोखंडाचा ऑक्साइड आहे.

(५) रुतलेल्या कणांसाठी 'आयर्न रिमूव्हर' मिळतो. त्यात बहुधा थायोग्लायकोलिक आम्लाचा अमोनियम किंवा सोडियम क्षार असतो. तो लोखंडाशी बांधला जाऊन पाण्यात विरघळणारे जांभळे संयुग तयार करतो. फवारल्यावर चाकावरून जांभळे ओघळ येतात, ते याच अभिक्रियेमुळे. त्याला गंधकाचा उग्र वास येतो. पीएच ७ च्या आसपास असलेला निवडा, हातमोजे घाला, उघड्या जागेत वापरा, सूचनेत दिलेल्या मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुवा.

(६) शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. लखनौच्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात, त्यांना इथे कंकर म्हणतात. अशा भागातले बोअरचे पाणी जड असते. ते चाकावर वाळले की कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे ठिपके उरतात. पुसून घेणे हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

(७) गाडी बाहेर काढल्यावर कमी वेगात दोन-तीनदा हलका ब्रेक लावा. ओल्या डिस्कवर पहिला ब्रेक कमजोर लागतो. तो धडा चौकात नको, गल्लीतच घ्या.

६. काय वापरू नये आणि का

हा भाग काळजीपूर्वक वाचा. रस्त्याकडेच्या धुलाई केंद्रांवर हातमोजे न घालता दिवसभर काम करणारी मुले तुम्ही पाहिली असतील. चाक पाच मिनिटांत चमकावण्याची किंमत बहुधा त्यांचे हात मोजतात.

*संडास धुण्याचे ॲसिड.* त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते गंज झटकन विरघळवते, म्हणून लोकांना आवडते. पण कोट फुटला असेल तिथे ते ॲल्युमिनियमही विरघळवते, आणि त्याचे शिंतोडे डिस्क, नट-बोल्ट व ब्रेकच्या भागांवर जातात. ते ब्लीचिंगच्या द्रावणात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

*कॉस्टिक सोडा आणि तीव्र अल्कली.* 'ॲसिड नाही, मग चालेल' हा समज चुकीचा आहे. ॲल्युमिनियम उभयधर्मी आहे. ते आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही, आणि दोन्ही वेळा हायड्रोजन सुटतो.

*फ्लोराइडयुक्त क्लीनर.* काही झटपट व्हील क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. हे सर्वांत धोकादायक. सौम्य द्रावण त्वचेवर पडले तर लगेच आग होत नाही, म्हणून माणूस काम करत राहतो. दरम्यान फ्लोराइड आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. वेदना काही तासांनी सुरू होतात आणि तोवर खोलवर इजा झालेली असते. मोठ्या प्रमाणात गेले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊन जीवही जाऊ शकतो. असे द्रावण अंगावर पडले तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली धरा, दुखण्याची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा आणि बाटली सोबत न्या. डॉक्टर यावर कॅल्शियम ग्लुकोनेट वापरतात. बाटलीवर घटक लिहिलेले नसतील तर ती विकत घेऊ नका.

*रॉकेल, डिझेल किंवा तेलाचा हात.* याने चाक काळेभोर चमकते, पण तेल डिस्कवर किंवा पॅडमध्ये गेले की घर्षण कमी होते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. शिवाय तेलकट चाकावर नवी पूड दुप्पट जोमाने बसते.

*तारेची घासणी.* क्लिअर कोटवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी पूड त्याच ओरखड्यांत रुतते.

७. चाके स्वच्छ कशी ठेवावी

पहिला उपाय म्हणजे वेळ. आठवड्या-दोन आठवड्यांनी साध्या शाम्पूने धुतले तर पूड तिसऱ्या टप्प्यात पोहोचतच नाही आणि रसायनाची गरज क्वचितच पडते.

दुसरा उपाय लेप. स्वच्छ, कोरड्या चाकावर मेण, सीलंट किंवा सिलिका-आधारित सिरॅमिक कोटिंग लावतात. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पाण्याचा थेंब पसरत नाही आणि पूड सहज सुटते. लेप फक्त चाकाला लावायचा. डिस्क आणि पॅडला त्याचा थेंबही लागू देऊ नका.

तिसरा उपाय पॅडची निवड. ऑरगॅनिक आणि सिरॅमिक पॅड सहसा सेमी-मेटॅलिकपेक्षा कमी आणि फिकट पूड सोडतात. पण पॅड निवडताना आधी गाडी बनवणाऱ्याने सुचवलेला प्रकार पाहा, चाकाची शोभा नंतर. चाक आणि डिस्कच्या मध्ये बसवायच्या धूळ-ताटल्यांच्या मोहात पडू नका. त्या डिस्ककडे जाणारा वारा अडवतात.

चौथा उपाय तुमच्या उजव्या पायात आहे. लखनौ–आग्रा द्रुतगती महामार्ग ३०२ किमी लांब आहे. तो संपूर्ण पार करताना चाकांवर जमते त्यापेक्षा जास्त पूड चारबाग-आलमबागच्या गर्दीतल्या थोड्या दिवसांत जमू शकते. फरक अंतराचा नाही, ब्रेक किती वेळा लागतो याचा आहे. पुढचा सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडा, इंजिनाला गाडी हळू करू द्या. वेग ७२ वरून ३६ वर असा आपोआप आला तर ब्रेकच्या वाट्याला २०० ऐवजी ५० किलोज्यूल येतात. तीन चतुर्थांश काम पॅड न झिजवता झाले. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे हे याच्या नेमके उलटे आहे, ते करू नका.

८. चाकापलीकडे

चाकावर बसलेली पूड निदान दिसते. उरलेली कुठे गेली? धुताना वाहिलेली पूड लखनौत नाल्यांतून गोमतीकडे जाते. हवेत गेलेली आपण श्वासात घेतो. म्हणून शक्य असेल तिथे पाण्याचा निचरा टाकीत होणाऱ्या केंद्रावर गाडी धुवा आणि फार घाणेरडी फडकी उघड्या गटारात पिळू नका.

लखनौतल्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेची स्थापना १९६५ ची. ही संस्था दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर शहराच्या हवेची पाहणी करते आणि तिच्यात पीएम १०, पीएम २.५ व धातूंचे प्रमाण मोजते. भारतीय मानकानुसार पीएम १० ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ची ६० मायक्रोग्रॅम आहे. या कणांत वाहनांचा वाटा म्हटला की आपण धूर आठवतो. पण बीएस-६ नियमानुसार डिझेल मोटारीच्या धुरातल्या कणांची मर्यादा किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅम आहे. आता आपला मघाचा ८ मिलिग्रॅमचा अंदाज आठवा. सगळी झीज हवेत जात नाही, तरी दोन्ही आकडे एकाच पातळीचे आहेत. धूर गाळणे जसजसे सुधारले तसतसा ब्रेकचा वाटा उठून दिसू लागला. म्हणूनच युरोपच्या युरो-७ नियमात ब्रेकच्या कणांवर प्रथमच मर्यादा आली आहे : बहुतेक इंजिनाच्या मोटारींना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, संपूर्ण विजेच्या मोटारींना ३ मिलिग्रॅम. नव्या मॉडेलांसाठी तो नोव्हेंबर २०२६ पासून लागू होतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०१० मध्येच पॅडमधले तांबे कमी करण्याचा कायदा केला, कारण धुऊन नदीत जाणारे तांबे सामन माशांना घातक ठरते.

याचे उत्तरही लखनौत पाहायला मिळते. मानकनगरमध्ये रेल्वेची आरडीएसओ ही संस्था १९५७ पासून आहे. रेल्वेत जुने बिडाचे ब्रेक ब्लॉक जाऊन कंपोझिट ब्लॉक आले, त्यांची मानके इथेच ठरतात. आणि ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेली लखनौ मेट्रो थांबताना तिची मोटर जनरेटर होते. गतिज ऊर्जेची वीज होऊन ती तारेत परत जाते, घर्षणाचा ब्रेक कमी लागतो. विजेच्या आणि हायब्रिड मोटारींतही हेच तत्त्व आहे. घर्षणच कमी झाले की पूड कमी होते. धुण्याचा प्रश्न मुळातूनच लहान करण्याची ही रीत आहे, आणि ती पुढे नेणे तुमच्या पिढीचे काम आहे.

उजळणीसाठी प्रश्न

१. १,२०० किलोची गाडी ताशी ५४ किमी वेगावरून थांबते. वर धरलेल्याच डिस्क असतील तर तापमान किती वाढेल?

२. आयर्न रिमूव्हरने जांभळा रंग येतो, पण शाम्पूने येत नाही. कारण द्या.

३. ॲल्युमिनियमच्या चाकाला आम्ल आणि अल्कली दोन्ही का चालत नाहीत?

४. एका गाडीचे पुढचे डावे चाक काळे आणि उजवे स्वच्छ आहे. दोन शक्यता लिहा आणि त्या कशा तपासाल ते सांगा.

५. तुमच्या रोजच्या रस्त्यावर किती वेळा ब्रेक लागतो ते आठवडाभर नोंदवा. इंजिनाच्या मदतीने त्यातले किती टाळता आले असते?